‘तुझ्यासाठी एक भूमिका आहे’: न्यू जर्सीतल्या एका शालेय म्युझिकलचं प्रकरण

पार्श्वभूमी

मध्य न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास असलेलं एक सरकारी हायस्कूल. वर्गात बसलेली निम्म्याहून जास्त मुलं आशियाई घरांतली: तेलुगू, गुजराती, तमिळ, मराठी, चिनी, कोरियन, फिलिपिनो. ऑर्केस्ट्रात आणि रोबॉटिक्सच्या संघात हीच मुलं दिसतात. दर मार्चमध्ये होणाऱ्या शाळेच्या म्युझिकलमध्ये, म्हणजे गाण्यानाचांच्या नाटकात, मात्र ती रंगमंचाखालच्या पिटमध्ये व्हायोलिन वाजवत असायची, नाहीतर कोरसच्या मागच्या रांगेत.

म्युझिकलला हातभार लावणाऱ्या पालकांच्या समितीत मी होते. निधी गोळा करणं, कपडे शिवून घेणं, मध्यंतरात समोसे आणि कुकीज विकणं ही आमची कामं. नाटक कोणतं करायचं हे नाट्यशिक्षिका ठरवायच्या आणि त्यात कुणी बोलत नसे. हे प्रकरण २०२४-२५ या शैक्षणिक वर्षातलं आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि मुलांची नावं दिलेली नाहीत.

त्या सप्टेंबरमध्ये बाईंनी ‘थरोली मॉडर्न मिली’ निवडलं. शाळेच्या दृष्टीने निवड सोयीची होती. कोरस मोठा, टॅप डान्स भरपूर, मुलींसाठी भूमिका पुष्कळ. २००२ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आलेल्या या नाटकाला सर्वोत्कृष्ट म्युझिकलसह सहा टोनी, म्हणजे ब्रॉडवेचे मानाचे पुरस्कार, मिळाले होते आणि अमेरिकेतल्या शाळा ते वर्षानुवर्षं करत आल्या आहेत.

गोष्ट १९२२ च्या न्यूयॉर्कची. कॅन्ससहून आलेली मिली एका हॉटेलात उतरते. हॉटेल चालवणारी मिसेस मीअर्स ही गोरी बाई चिनी असल्याचं सोंग करते, तोडकंमोडकं इंग्रजी बोलते आणि अनाथ मुलींना पळवून आशियात विकते. तिच्या हाताखाली चिंग हो आणि बन फू हे दोन चिनी भाऊ राबतात, कारण हाँगकाँगमध्ये राहिलेल्या आईला अमेरिकेत आणायचं आहे.

प्रश्न कुठे उभा राहिला

आमच्या शाळेत एक चिनी-अमेरिकन मुलगा होता, त्या वर्षी अकरावीत. आवाज बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खालच्या पट्टीचा, स्वच्छ आणि मोकळा. आधीची दोन वर्षं कोरसमध्ये उभा राहिला होता. ऑडिशनची माहिती वाटली गेली त्या दिवशी बाईंनी त्याला कौतुकाने बोलावून सांगितलं, “या वर्षी तुझ्यासाठी एक भूमिका आहे. चिंग हो.”

त्याने विचारलं, “मी ट्रेव्हर ग्रेडनसाठी ऑडिशन दिली तर चालेल का?” ट्रेव्हर म्हणजे मिलीचा साहेब, बॅरिटोन आवाजासाठीच लिहिलेला. बाई क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, “हो, अर्थातच.” पण ते थांबणं मुलाने पाहिलं. त्याने ऑडिशनच्या यादीतून नाव काढून घेतलं आणि दोन दिवसांत आणखी काही मुलांनीही काढून घेतलं.

बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी ठामपणे सांगेन. दोन वर्षं मागच्या रांगेत राहिलेल्या मुलाला पुढे आणायची त्यांची खरी इच्छा होती. पण चेहरा चिनी म्हणून चिनी भूमिका, आणि ती मिळाली म्हणजे न्याय झाला, हा हिशोब मुलाने मान्य केला नाही.

इथे म्युझिकलच्या घडणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळा वाद तिथे अडकलेला आहे. ब्रॉडवेच्या धाटणीत पहिल्या काही प्रसंगांतच नायक किंवा नायिका आपल्याला काय हवं ते गाऊन सांगते. नाटकवाले त्याला ‘आय वाँट’ साँग म्हणतात. तिथून पुढे प्रेक्षक त्या माणसाचे होऊन जातात. संगीत नाटकांवर वाढलेल्या वाचकांना हे पटकन कळेल: नायिकेचं पहिलं पद रंगलं की तिचं दुःख आपलं होतं. अमेरिकन म्युझिकलमध्ये आशियाई पात्रं कितीतरी दशकं होती, पण असं गाणं त्यांच्या वाट्याला क्वचित यायचं. त्यांनी हसवायचं, फसवायचं, नाहीतर कुणा गोऱ्या माणसावर प्रेम करून मरायचं.

‘मिली’ लिहिणाऱ्यांना याची जाणीव होती, असं मला वाटतं. मूळ १९६७ च्या चित्रपटात हे दोघे नुसते मीअर्सबाईचे साथीदार होते. नाटकात ते चिनी भाषेत बोलतात, वर पडद्यावर इंग्रजी अर्थ दिसतो, त्यांना आई आहे, आणि चिंग होचं प्रेम शेवटी सफलही होतं. तरीही त्यांच्या आईच्या ओढीचं गाणं रचलं आहे ते अल जोलसनच्या ‘मॅमी’च्या विडंबनावर, म्हणजे तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांचं सोंग करणाऱ्या गायकाच्या गाण्यावर. आणि कथेनुसार भाड्याचे पैसे जमले की आई येणार. १९२२ साली ते शक्यच नव्हतं. १८८२ च्या कायद्याने चिनी कामगारांना अमेरिकेचं दार बंद झालं होतं. ते १९४३ मध्ये उघडलं तेसुद्धा वर्षाला १०५ माणसांपुरतं. लाँड्रीत राबणाऱ्या दोन भावांची आई पैशांअभावी नाही, कायद्यामुळे हाँगकाँगला अडकली असती. हे ज्या नाटकाला माहीत असेल ते वेगळंच नाटक होईल.

पालकांच्या गटात काय झालं

व्हॉट्सॲपवर पहिला सूर असा होता: हा चिनी लोकांचा प्रश्न, आपण कशाला पडायचं? एका मराठी बाबांनी मला फोनवर सांगितलं, “ताई, मुलांना कॉलेजच्या अर्जात नाटक दाखवायचंय. उगाच वाद नको.”

मी बैठकीत याला उत्तर दिलं, कारण ही समजूत चुकीची आहे. १९१७ च्या कायद्याने आशियाचा जो पट्टा बंद केला त्यात हिंदुस्थान होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेल्या भगतसिंग थिंड यांना १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तुम्ही गोरे नाही, सबब नागरिकत्व नाही. त्या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेण्यात आलं. १९४६ ला दार किलकिलं झालं, वर्षाला १०० जणांपुरतं. आपण इथे आलो ते स्थलांतर खुलं करणाऱ्या १९६५ च्या कायद्यानंतर. चिनी माणसाला परका ठरवणारी गोष्ट आपल्यालाही त्याच रांगेत उभी करते. बाबा पूर्ण पटले नाहीत, पण बैठकीला आले आणि पुढे सेटच्या सुतारकामात सगळ्यात जास्त राबले.

समोरचे पर्याय

नाटकाच्या हक्कांच्या करारावर अजून सही झाली नव्हती. त्यामुळे निर्णयाला वाव होता, पण फक्त ऑक्टोबरअखेरपर्यंत.

पहिला पर्याय: ‘मिली’च करायचं, मीअर्सबाईचे उच्चार सौम्य करून. यात अडचण अशी की परवाना देणाऱ्या कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय संहितेत बदल करता येत नाही. आणि उच्चार काढले तरी कथानक राहतंच. न्यूयॉर्क सिटी सेंटर या नाट्यगृहाने २०२० मध्ये हेच नाटक करायचं ठरवलं तेव्हा नाटककार लॉरेन यी यांच्याकडून नवं लेखन करून घेतलं होतं आणि मिलीच्या भूमिकेसाठी ॲश्ली पार्क यांना घेतलं होतं. कोविडमुळे तो प्रयोग झाला नाही. व्यावसायिक मंडळींना जिथे नवं लेखन लागलं तिथे शाळेने नुसतं उच्चारांवर भागवणं पुरेसं नव्हतं.

दुसरा पर्याय काही देशी पालकांचा: ‘बॉम्बे ड्रीम्स’. रहमानचं संगीत, २००४ मध्ये ब्रॉडवेवर झालेलं. हा सुचवताना सगळे खूश होते. पण ती मुंबईची गोष्ट आहे, न्यू जर्सीत जन्मलेल्या मुलांची नाही. एका मुलीने बैठकीत उभं राहून सांगितलं की पाचवीत मुलं तिच्या आईच्या उच्चारांची नक्कल करायची. तीच नक्कल आता रंगमंचावर स्वतः करायची तिची तयारी नाही. त्यानंतर हा पर्याय कुणी काढला नाही.

तिसरा पर्याय, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा, ‘अलीजन्स’. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना, ज्यातले बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते, छावण्यांत डांबलं गेलं. अभिनेते जॉर्ज टकेई लहानपणी आर्कान्सासच्या रोअर आणि मग कॅलिफोर्नियातल्या ट्युली लेक छावणीत राहिले. त्यांच्या आठवणींतून प्रेरणा घेतलेलं हे म्युझिकल २०१५ मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि काही महिन्यांत बंद झालं. इतिहासाचे शिक्षक लगेच मदतीला तयार झाले. पण शाळांना हक्क मिळतात का, हे विचारायलाच आम्हाला उशीर झाला होता. शिवाय एवढा विषय अडीच महिन्यांत मुलांच्या अंगी कसा भिनणार, ही बाईंची शंका रास्त होती.

चौथा पर्याय बाईंनीच आणला: ‘द ट्वेंटी-फिफ्थ ॲन्युअल पटनम काउंटी स्पेलिंग बी’. विल्यम फिन यांचं संगीत, रेचल शाइनकिन यांची संहिता, २००५ ला ब्रॉडवेवर. एका स्पेलिंग स्पर्धेतली सहा मुलं आणि तीन मोठी माणसं. प्रत्येक मुलाला काहीतरी जिवापाड हवं आहे आणि प्रत्येकाला ते सांगायला गाणं आहे. स्पेलिंग बी आणि आपला समाज यांचं नातं सांगायला नको: २०१९ च्या राष्ट्रीय स्पर्धेत आठ सहविजेते होते, त्यांतले सात भारतीय वंशाचे, आणि त्या सातांतले दोघे न्यू जर्सीचे.

याची किंमतही होती. भूमिका नऊच, कोरस नाही, टॅप डान्स नाही. आळीपाळीने प्रयोग करणारे कलाकारांचे दोन संच केले तरी कित्येक मुलं रंगमंचावर येणार नव्हती. नाचणाऱ्या मुली रडल्या आणि त्यांचं रडणं खोटं नव्हतं. बाईंनी निवड ‘स्पेलिंग बी’ची केली आणि दोन संच जाहीर केले.

मार्सी पार्कचा पेच

एक प्रश्न सुटला असं वाटेपर्यंत दुसरा आला. या नाटकात एक कोरियन-अमेरिकन पात्र आहे, मार्सी पार्क. सगळ्यात अव्वल, सहा भाषा बोलणारी, पियानो वाजवणारी, चेहऱ्यावर हसू नसलेली. बाईंनी यादी लावली तेव्हा आमच्या एकुलत्या एका कोरियन-अमेरिकन मुलीचं नाव मार्सीसमोर होतं. तिने मागितली होती रोना, म्हणजे स्पर्धा चालवणारी, स्वतः एकेकाळी जिंकलेली, खळाळून बोलणारी बाई. तिचं म्हणणं सरळ होतं: “शाळेत सगळे मला मार्सीच समजतात. नाटकात तरी नको.”

दुसरी बाजूही खरी होती. मार्सी हा साचा आहे, पण नाटकाला ते माहीत आहे. तिला सोपा शब्द मिळतो, ‘कॅमोफ्लाज’. ती देवाचा धावा करते, येशू प्रकट होतो, आणि ती जिंकली काय नि हरली काय, त्याने त्याला फरक पडत नाही हे तिला कळतं. मग ती मुद्दाम चुकते आणि मोकळी होऊन निघून जाते. आमच्या भागातल्या किती मुलांना हे एकदा तरी करावंसं वाटत असेल! एका फिलिपिनो-अमेरिकन मुलीला नेमकी याचसाठी ही भूमिका हवी होती.

बाईंनी यादी बदलली. कोरियन मुलगी एका संचात रोना झाली, फिलिपिनो मुलगी मार्सी. काहींनी विचारलं, पार्क आडनाव कोरियन, मग फिलिपिनो मुलगी कशी? या प्रश्नाला सगळ्यांना पटेल असं उत्तर मिळालं नाही. ‘अलीजन्स’मधल्या जपानी-अमेरिकन बहीण-भावाच्या भूमिका ब्रॉडवेवर फिलिपिनो लेआ सलाँगा आणि चिनी-अमेरिकन टेली ल्युंग यांनी केल्या होत्या, एवढा दाखला बाईंनी दिला. माझं मत असं की भूमिका मनापासून मागणाऱ्या मुलीला देणं योग्य होतं. पण हे बोलणं यादी लागण्याआधी व्हायला हवं होतं. यादी लागल्यावर झालेला बदल म्हणजे कुणाचं तरी जाहीर मागे हटणं.

तालमी

चिंग हो नाकारणारा मुलगा विल्यम बारफे झाला. हा जिंकणारा मुलगा. शब्द आधी पायाने जमिनीवर लिहितो आणि मग बोलतो. त्याच्या आडनावाचा उच्चार परीक्षक सतत चुकवतो आणि तो दर वेळी दुरुस्त करतो. नाटकात हा विनोद आहे. आमच्या मुलाने त्यात चिडचिड घातली नाही. दर वेळी त्याच शांत, सरावलेल्या आवाजात नाव सांगायचा, जसं तो खरोखरच दर वर्षी नव्या शिक्षकांना सांगत आला होता.

ऑलिव्ह ही नायिका एका मराठी मुलीला मिळाली. ऑलिव्हची आई अध्यात्माच्या शोधात भारतातल्या आश्रमात गेली आहे, वडील कामातून वेळेवर येत नाहीत, आणि स्पर्धेची फीसुद्धा अजून भरलेली नाही. एका शब्दावर अडल्यावर तिला आईवडील समोर दिसतात, आणि ती त्यांना जे म्हणायला लावते ते त्यांनी कधी म्हटलेलं नसतं. पहिल्या तालमीत आईची भूमिका करणारी मुलगी हात जोडून, डोळे मिटून, योगासनासारखी उभी राहिली. मराठी मुलगी गाता गाता थांबली.

तिची स्वतःची आई त्या हिवाळ्यात सांगलीला होती. आजीचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि बघायला दुसरं कुणी नव्हतं. साडेदहा तासांचा फरक. मुलगी शाळेला निघायची तेव्हा आईकडे संध्याकाळ. ती म्हणाली, “आई भारतातून फोन करते तेव्हा अशी उभी नसते. ती भाजी निवडत असते. फोन डब्याला टेकवलेला असतो, मला तिचं अर्धंच तोंड दिसतं. आणि ती विचारते, जेवलीस का.”

संहितेतला एकही शब्द बदलला नाही, बदलायची परवानगीही नव्हती. बदलली फक्त आईची उभं राहण्याची रीत. हात मोकळे, कामात असलेले. मान किंचित वळलेली, मधूनच मुलीकडे बघणारी. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मी हाच मानते. आश्रम हा अमेरिकन लेखकांनी कल्पिलेला भारत होता. आमच्या मुलीने त्याच सुरांत आपला भारत ठेवला.

काय निष्पन्न झालं

मार्चमधले प्रयोग भरले. या नाटकात प्रेक्षकांतल्या चौघांना स्पर्धक म्हणून वर बोलावतात आणि अवघड शब्द देऊन एकेकाला बाद करतात. एका प्रयोगात सहावीतली एक तमिळ मुलगी वर आली आणि तिने बाद करण्यासाठी ठेवलेले सगळे शब्द बरोबर सांगितले. परीक्षक झालेल्या मुलाला शब्दकोश चाळत बसावं लागलं आणि सभागृहाने टाळ्यांनी छत उचललं. ऑलिव्हच्या गाण्याला माझ्या रांगेतल्या तिघी-चौघी मावशांनी पदर आणि टिश्यू डोळ्यांना लावले. सांगलीहून आईने हे गाणं रात्री जागून फोनवर पाहिलं होतं, पण तालमीतलं. प्रयोगाचं चित्रण करायला आमच्या परवान्यात मुभा नव्हती, म्हणून शाळेने तिला ते असं दाखवलं.

पुढच्या वर्षीसाठी नावं देणाऱ्यांत आशियाई मुलं पूर्वीपेक्षा स्पष्टपणे जास्त होती. नाचणाऱ्यांपैकी दोघी मात्र दुसऱ्या क्लबात निघून गेल्या.

प्रयोगांनंतर थोड्याच दिवसांनी, एप्रिलमध्ये, विल्यम फिन गेले. मुलांनी त्यांची गाणी पिटमध्ये बसून पुन्हा वाजवली.

जूनमध्ये सोलमधल्या दोन जुन्या रोबॉटांची गोष्ट सांगणाऱ्या ‘मेबी हॅपी एंडिंग’ला सहा टोनी मिळाले आणि डॅरेन क्रिस हे म्युझिकलमधल्या मुख्य अभिनेत्याचा टोनी मिळवणारे पहिले आशियाई-अमेरिकन ठरले. जुलैमध्ये त्यांच्या सुट्टीच्या काळासाठी एका गोऱ्या अभिनेत्याचं नाव जाहीर झालं आणि मोठा वाद पेटला. विरोधाचं पत्र लिहिणाऱ्यांत अभिनेते बी. डी. वाँग होते. याच वाँग यांनी १९९० मध्ये नाटककार डेव्हिड हेन्री ह्वांग यांच्यासह ‘मिस सायगॉन’ या म्युझिकलच्या वेळी आवाज उठवला होता. तेव्हा युरेशियन दलालाच्या भूमिकेत जोनाथन प्राइस होते, लंडनमध्ये डोळ्यांना कृत्रिम पापण्या लावून. नट संघटनेने आधी प्राइस यांना नकार दिला, निर्मात्याने प्रयोगच रद्द करायची घोषणा केली, आणि नऊ दिवसांत संघटनेने निर्णय फिरवला. पस्तीस वर्षांनी तोच माणूस त्याच प्रश्नावर पुन्हा लिहीत होता. आमच्या मुलांच्या गटात यावर आठवडाभर खडाजंगी झाली. रोबॉटला वंश असतो का, इथपासून. बारफे झालेल्या मुलाने एवढंच लिहिलं: “ही भूमिका नाही मिळाली तर त्यांना दुसऱ्या शंभर आहेत. आम्हाला किती आहेत ते मोजा.”

पुन्हा करायचं झालं तर

नाटक निवडण्याआधी मुलांशी बोलायला हवं होतं, आणि तेही वसंतात, सप्टेंबरात नाही. हक्क, नोट्स, संगीताची पुस्तकं यांना महिने लागतात. उशीर झाला की हाताशी असलेलं जुनंच नाटक पुढे येतं.

ऑडिशनच्या फॉर्मवर ‘कोणत्या भूमिका नको’ अशी जागा आता ठेवली आहे. कारण लिहायची सक्ती नाही.

पण मुख्य गोष्ट बाकीच आहे. ‘स्पेलिंग बी’मध्ये आमच्या मुलांना मनातलं गायला मिळालं, तरी मार्सीसारखं एखादं पात्र सोडलं तर ती पात्रं त्यांच्या घरांची नव्हती. मराठी मुलीने ऑलिव्हमध्ये सांगली आणली. संहितेत सांगली नव्हती. प्रत्येक मुलगी एवढं करू शकेल, अशी अपेक्षा ठेवणं अन्याय आहे. त्यासाठी आशियाई-अमेरिकन लोकांनी स्वतः लिहिलेली म्युझिकल हवीत, त्यांचे हक्क शाळांना मिळायला हवेत, आणि शाळांनी ती मागायला हवीत. मागणी नसेल तर कंपन्या ती यादीत वर ठेवणार नाहीत.

‘अलीजन्स’च्या हक्कांसाठी बाईंनी शाळा सुटायच्या आधीच विचारणा पाठवली. इतिहासाच्या शिक्षकांनी छावण्यांवरचा पाठ नववीतून अकरावीत हलवायची तयारी दाखवली. जपानी वंशाचं एकही मूल सध्या शाळेत नाही. मग भूमिका कुणी करायच्या, आणि ज्यांच्या आजी-आजोबांनी त्या छावण्या भोगल्या त्यांच्यापैकी कुणाला तालमींना बोलवायचं, हे दोन विषय समितीच्या पहिल्या बैठकीसाठी ठेवले आहेत, या वेळी मुलांच्या उपस्थितीत.